रॉयल कॉलेज, क्यूरपिप : शाळा, मैदान आणि आपल्या मुलांचा वेळ

आपल्या पूर्वजांच्या आगमनाची स्मरणिका हाती घेतली की आत काय असणार हे वाचकाला आधीच ठाऊक असते. जहाजे, अप्रवासी घाट, साखर कारखान्याच्या चिमण्या, गणेशोत्सव, बैठका, झाकरी आणि गोंधळ. हे सगळे हवेच, त्यावाचून स्मरणिका पुरी होत नाही. पण घाटाच्या पायऱ्या चढलेल्या माणसांपासून आजच्या आपल्या घरांपर्यंत जी वाट आली ती शाळेतून आली आहे, आणि शाळेचा इतिहास सांगताना आपण नेहमी परीक्षा आणि शिष्यवृत्त्याच मोजतो. कोण पहिला आला, कोण विलायतेला गेला, कोण डॉक्टर झाला. शाळेमागे एक मैदानही असते, तिथे मुले धावतात, उड्या मारतात, फुटबॉल खेळतात, याची आपल्या लेखांत नोंद नसते. म्हणून या वेळी आम्ही क्यूरपिपच्या रॉयल कॉलेजचा इतिहास त्याच्या मैदानाच्या बाजूने सांगायचे ठरवले आहे.

महाराष्ट्रातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी एक खुलासा. आपल्याकडे मॉरिशसमध्ये 'कॉलेज' म्हणजे पदवीचे महाविद्यालय नव्हे. प्राथमिक शाळा संपली की मूल कॉलेजात जाते, आणि तिथल्या मुख्याध्यापकांना रेक्टर म्हणतात. पूर्वी फॉर्म एक ते फॉर्म सहा असे वर्ग होते, आता त्यांना ग्रेड म्हणतात. शेवटी केंब्रिजच्या परीक्षा. तेव्हा रॉयल कॉलेज म्हणजे सरकारी हायस्कूलच, फक्त इतर हायस्कुलांपेक्षा खूप जुने आणि खूप मानाचे.

ही शाळा आपल्या आगमनापेक्षाही जुनी आहे. तिची मुळे फ्रेंच राजवटीत, अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्ट लुईमध्ये रुजली. जनरल दकां यांच्या काळात ती 'लिसे' झाली. 1810 साली इंग्रजांनी बेट घेतले आणि पुढच्या काही वर्षांत तिला 'रॉयल कॉलेज' हे नाव मिळाले. नाव इंग्रजी, राजा इंग्रज, पण वर्गातली मुले मात्र फ्रेंच मळेवाल्यांची आणि व्यापाऱ्यांची. त्याच काळात, 1812 साली, कर्नल ड्रेपर यांनी पोर्ट लुईच्या शां द मार्सवर घोड्यांच्या शर्यती सुरू केल्या. इंग्रज अधिकारी आणि फ्रेंच मळेवाले यांच्यातला दुरावा कमी व्हावा हा त्यामागचा एक हेतू सांगितला जातो. या बेटावर खेळ आधी आला तो असा, वरच्या वर्गाच्या मनोमिलनासाठी, आणि धावायची ती घोड्यांनी.

2 नोव्हेंबर 1834 रोजी 'अ‍ॅटलास' जहाजातून 36 मजूर उतरले, आणि 1 फेब्रुवारी 1835 रोजी इथली गुलामगिरी कायद्याने संपली. पुढे साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून आली. त्यांत मुंबई बंदरातून आलेले आपले लोक : रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या बाजूचे. ब्लॅक रिव्हरच्या उन्हाळ इस्टेटींवर, सावानमध्ये, वाक्वाच्या परिसरात ते पांगले. ज्या रॉयल कॉलेजमध्ये गव्हर्नर बक्षिसे वाटायला जात, त्या शाळेपासून ही माणसे काही मैलांवरच राहत होती. पण ते अंतर मैलांनी मोजायचे नव्हते.

करारातल्या मजुराचा दिवस त्याचा नव्हता. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई, तिला 'डबल कट' म्हणत. 1867 च्या कायद्यानंतर जुन्या मजुरालासुद्धा फोटो लावलेला पास जवळ ठेवावा लागे, नाहीतर भटक्या म्हणून पकडले जाण्याची भीती. या छळाविरुद्ध 1871 साली आदोल्फ द प्लेवित्झ यांनी हजारो मजुरांच्या सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे दिला, त्यानंतर शाही आयोग आला, त्याचा मोठा अहवाल 1875 साली निघाला. हा सगळा भाग या स्मरणिकेच्या वाचकांना पाठ आहे. आम्ही तो इथे एवढ्यासाठी आणला की खेळाच्या इतिहासात पहिला प्रश्न पायांचा नसतो, वेळेचा असतो. आपल्या माणसांच्या पायांत काही कमी नव्हते. तक्रार घेऊन इस्टेटीवरून पोर्ट लुईपर्यंत चालत जाणारी माणसे ती. पण संध्याकाळ त्यांची नव्हती, आणि त्यांच्या मुलांचीही नव्हती.

मुलांचे सांगायचे तर पहाटे गाईसाठी गवत कापून आणायचे, पाणी भरायचे, बापाची भाकरी शेतावर पोचवायची. जूनपासून वर्षाअखेरपर्यंत ऊसतोडणी, जिला आपण सगळे 'लाकूप' म्हणतो. आणि इथले शाळेचे वर्ष जानेवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपते. म्हणजे शाळेचा उत्तरार्ध आणि लाकूप एकाच वेळी. ज्या घरात शाळेलाच वेळ काढावा लागत होता त्या घरात शाळा सुटल्यावर मैदानात थांबायला कुठून वेळ येणार?

इकडे रॉयल कॉलेजवरही संकटे येत होती. 1860 च्या दशकातल्या मलेरियाने पोर्ट लुईत हाहाकार माजवला. इस्टेटींवरच्या आपल्या लोकांतही माणसे पटापट गेली. ज्यांना परवडत होते ते थंड हवेच्या क्यूरपिपकडे सरकले. त्याच सुमारास, 1864 आणि 1865 साली, बेटावर रेल्वे सुरू झाली होती आणि मधला मार्ग क्यूरपिपवरून जात होता, म्हणून हे स्थलांतर जमले. 1892 च्या चक्रीवादळाने पोर्ट लुईची वाताहत केली, त्यात कॉलेजच्या इमारतीचेही नुकसान झाले. मग 1899 साली प्लेग आला. एवढे सगळे झाल्यावर मुख्य कॉलेज वर क्यूरपिपला गेले, पोर्ट लुईला शाखा राहिली आणि तीच पुढे पोर्ट लुईचे स्वतंत्र रॉयल कॉलेज म्हणून वाढली. दोन्ही शाळांची मुले आजही आपली शाळा खरी जुनी म्हणून भांडतात. आम्ही या भांडणात पडत नाही.

क्यूरपिपची दगडी इमारत 1910 च्या दशकातली. तिचे मधले उंच दालन, दोन्ही बाजूंचे पसरलेले पंख, समोरची फरसबंदी पाहून लोक तिची तुलना थेट बकिंगहॅम राजवाड्याशी करतात. ही तुलना जरा ताणलेली आहे, पण पहिल्यांदा फाटकातून आत जाणाऱ्या अकरा-बारा वर्षांच्या मुलाला ती ताणलेली वाटत नसणार. फाटकासमोर पहिल्या महायुद्धाचे स्मारक आहे, 1922 सालचे, फ्रेंच आणि इंग्रज असे दोन सैनिक शेजारी शेजारी उभे. मागे मैदान. आणि सगळ्यावर पाऊस. क्यूरपिपमध्ये दोनच ऋतू असतात, छोटा पावसाळा आणि मोठा पावसाळा, हा विनोद इथे पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंची, त्यामुळे धुके आणि गारठा. ब्लॅक रिव्हरच्या उन्हात वाढलेल्या मुलाला ही थंडी परदेशासारखी वाटत असली तर नवल नाही.

त्या काळच्या इंग्रजी शाळांत खेळाला विशेष मान होता. मुलांची 'हाऊस'मध्ये विभागणी, वर्षातून एकदा क्रीडादिन, फुटबॉल, क्रिकेट, धावणे, लांब उडी, उंच उडी, गोळाफेक. ही पद्धत इंग्लंडमधल्या नामांकित शाळांत तयार झाली आणि साम्राज्यभर सरकारी शाळांत गेली. मैदानावर शिस्त लागते, मैदानावर पुढारी घडतात असा तिच्यामागचा विश्वास. त्यात ढोंग भरपूर होते, कारण ज्या साम्राज्याने ऊसतोडणीला माणसे बांधून आणली तेच साम्राज्य खेळातल्या न्यायाचे धडे देत होते. पण पद्धत म्हणून ती वाईट नव्हती. गवतावर चुन्याच्या रेघा मारल्या, शिट्टी वाजली की आठ मुले एका रेषेत उभी राहतात आणि पुढची काही सेकंदे कोणाचा बाप मळेवाला आणि कोणाचा सरदार याने काही फरक पडत नाही.

फरक पडतो तो त्या रेषेपर्यंत पोचण्यात. त्या काळी रॉयल कॉलेजला फी होती. फीशिवाय आत जायचे तर प्राथमिक शाळेनंतरच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेत वर यावे लागे, आणि त्या जागा मोजक्याच. वरच्या टोकाला विलायतेची 'इंग्लिश स्कॉलरशिप', तीही वर्षाकाठी अगदी थोड्यांना. अशा चाळणीतून जो मुलगा आत आला त्याला घरून एकच गोष्ट सांगितली जाई : अभ्यास कर. गांधीजी 1901 साली इथे काही दिवस थांबले तेव्हा त्यांनीही आपल्या लोकांना मुलांना शिकवण्याचाच उपदेश केला होता. 1907 साली आलेल्या मणिलाल डॉक्टरांनी न्यायालयात आणि बाहेर मजुरांची बाजू लढवली, तीही शिक्षणाच्या बळावर. पुस्तकाने काय होते हे लोकांना दिसत होते. मैदानाने काय होते हे कोणाला दिसत नव्हते. म्हणून मैदान ही दुसऱ्यांची गोष्ट राहिली.

याच कॉलेजचे सर्वांत प्रसिद्ध विद्यार्थी शिवसागर रामगुलाम. पूर्वेकडच्या गावातून आलेला मजुराचा मुलगा, एका डोळ्याने अधू. ते इथे शिकले आणि 1921 साली वैद्यकीसाठी लंडनला गेले, तेही शिष्यवृत्तीवर नव्हे, तर मोठ्या भावाने पैसे उभे केले म्हणून. कवी माल्कम द शाझाल हेही इथलेच विद्यार्थी, पण ते साखरमालकांच्या जुन्या घराण्यातले. एकाच इमारतीत दोन मॉरिशस शिकत होती. एक शाळा सुटल्यावर पाच मिनिटांत घरी पोचत होते, आणि दुसरे स्टेशनकडे पळत होते.

हे स्टेशनकडे पळणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. खेळाचा सराव शाळा सुटल्यानंतर होतो. क्यूरपिप आणि आसपासच्या मोठ्या घरांतली मुले सरावाला थांबत, अंधार पडता पडता घरी जात. गावातून येणारा मुलगा गाडी चुकवू शकत नव्हता. गाडीतून उतरल्यावर पुढे चालणे, घरी गुरांचे काम, मग चिमणीच्या उजेडात पुस्तक. प्रवासी रेल्वे 1956 साली बंद झाली आणि बस आली, पण हिशोब तोच राहिला. धावायला शिकणे म्हणजे नुसते धावणे नव्हे. सुटताना शरीर किती वाकवायचे, शंभर मीटरमध्ये कोणत्या टप्प्यावर ताठ व्हायचे, रिले शर्यतीत दांडी हातात घेताना मागे न पाहता कसे पळायचे, लांब उडीत पावले मोजून फळीवर नेमका पाय कसा टाकायचा, हे सगळे आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी महिनोन् महिने केल्याशिवाय येत नाही. वर धावण्याचे खिळ्यांचे बूट, आणि पोटाला दूध-अंडी. आपल्या मुलांना क्रीडादिनाला धावता येत होते. सरावाला थांबता येत नव्हते. मग निकाल काय लागायचे ते लागत.

मुलींची गोष्ट याहून उशिराची. सरकारी माध्यमिक शाळा बराच काळ मुलांसाठीच होत्या. रोझ हिलचे क्वीन एलिझाबेथ कॉलेज 1950 च्या दशकात आले तेव्हा हुशार मुलींना सरकारी दार उघडले. पण तिथेही आपल्या घरांतल्या मोठ्यांचे म्हणणे असे की शिकायला जा, अर्ध्या चड्डीत पळायला नको. आज हे वाचून हसू येते, पण अनेक घरांत हे चालत होते.

12 मार्च 1968 रोजी देश स्वतंत्र झाला. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्याहून मोठी तारीख जानेवारी 1977. त्या महिन्यापासून माध्यमिक शिक्षण फुकट झाले. कास्कावेल, बांबू, केंझ कांतों, शमें ग्रेनिये इथल्या घरांत एकाऐवजी सगळी मुले कॉलेजात जाऊ लागली. मोठ्या भावाला पाठवायचे की धाकट्याला, मुलाला की मुलीला, हा रात्री कुजबुजत होणारा विचार संपला. आम्हाला विचाराल तर घाटानंतर आपल्या समाजाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी तारीख हीच, आणि तिच्यासाठी कोणी मिरवणूक काढत नाही.

पण मुले वाढली तेव्हा शाळाही भराभर काढाव्या लागल्या. कुठे जुन्या घरात, कुठे दोन वर्गांमध्ये पातळ भिंत घालून. अशा अनेक खासगी शाळांना मैदानच नव्हते. रॉयल कॉलेजसारख्या जुन्या सरकारी शाळांचे महत्त्व यामुळे आणखी वाढले. त्यांच्याकडे नामांकित शिक्षक होते आणि पायाखाली गवतही होते.

त्याच वर्षांत देशाच्या खेळालाही वेग आला. 1979 साली रियुनियनमध्ये हिंदी महासागरातल्या बेटांचे पहिले क्रीडासामने झाले. 1984 साली लॉस एंजेलिसला मॉरिशसचा संघ पहिल्यांदा ऑलिंपिकला गेला. 1985 साली बेटांचे सामने आपल्याकडे आले आणि त्या निमित्ताने लोकांनी आपल्या मुलांना आपल्याच देशात पदके घेताना पाहिले. उंच उडीत 1990 च्या दशकात खेमराज नायको यांनी नाव काढले. 2001 साली एडमंटनच्या जागतिक स्पर्धेत एरिक मिलाझार 400 मीटरमध्ये चौथे आले, आणि 2004 साली अथेन्स ऑलिंपिकमध्ये स्तेफान बकलँड 200 मीटरच्या अंतिम शर्यतीत धावले. बारा-तेरा लाख वस्तीच्या बेटासाठी ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या घरांतही त्या रात्री टीव्हीसमोर सगळे जमले होते.

आता थोडे फुटबॉलबद्दल, कारण शाळेच्या मैदानाचे मोल त्याशिवाय कळत नाही. मोठ्या माणसांचे फुटबॉल क्लब इथे जातीधर्मावर उभे होते. हिंदू कॅडेट्स, मुस्लिम स्काउट्स, तमिळ कॅडेट्स, गोऱ्यांचा डोडो क्लब, क्रिओल लोकांचा आवडता फायर ब्रिगेड. नावे नंतर थोडी बदलली, प्रेक्षक बदलले नाहीत. रविवारी सामना पाहायला जाणारा माणूस आपापल्या लोकांत जाऊन बसत असे. मे 1999 मध्ये अशाच एका निर्णायक सामन्यानंतर दंगल उसळली, आग लावली गेली, निरपराध माणसे मेली. त्यानंतर बराच काळ फुटबॉल बंद राहिला आणि पुन्हा सुरू झाला तो गावांच्या, विभागांच्या नावाने. तो सामना ज्या बेल व्यूच्या स्टेडियमवर झाला त्याला अंजले कूपेन यांचे नाव आहे. 1943 साली तिथल्याच ऊसमळ्यांवरच्या संपात पोलिसांच्या गोळीने मारली गेलेली ती गरोदर मजूर बाई. तिच्या नावाच्या मैदानावरून लोक एकमेकांच्या जिवावर उठून बाहेर पडले, हे लिहितानाही लाज वाटते.

शाळेच्या मैदानावर असे क्लब नव्हते. रॉयल कॉलेजचा संघ म्हणजे रॉयल कॉलेजचा. रिलेच्या चार मुलांत एक तेलुगू, एक क्रिओल, एक मुसलमान, एक मराठी असू शकत होता, आणि दांडी खाली पडली तर चौघे मिळून हरत होते. शाळा-शाळांतल्या स्पर्धांत मुले आपल्या शाळेसाठी ओरडत. या बेटावर अशा जागा फार नव्हत्या. देवळे वेगळी, सभा वेगळ्या, लग्ने वेगळी, क्लब वेगळे. आपल्या मंडळ्यांनी भाषा टिकवली, सण टिकवले, प्राथमिक शाळेत मराठी विषय यावा म्हणून धडपड केली, त्याचे ऋण आम्ही मानतोच. पण इतरांशी एका बाजूने खेळायला मंडळीने शिकवले नाही. ते सरकारी शाळेने शिकवले, आणि ज्या आपल्या मुलांना सरावाला थांबता आले तीच ते शिकली.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. देशातले अ‍ॅथलेटिक्सचे एक मुख्य मैदान, जेर्में कोमार्मों स्टेडियम, बांबूला आहे. 2006 साली आफ्रिका खंडाची अजिंक्यपद स्पर्धा तिथे झाली. म्हणजे आपल्या आजा-पणजांनी ज्या मेदीनच्या बाजूला ऊस तोडला, त्याच जिल्ह्यात, त्याच उन्हात, इजिप्तपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतचे धावपटू येऊन धावले. कास्कावेलहून तिथे सायकलने जाता येते. रॉयल कॉलेजचा गारठा आणि सुटणारी गाडी यांमुळे जे आपल्या मुलांना मिळाले नाही ते आता दाराशी येऊन बसले आहे.

मग मैदानात आपली मुले किती दिसतात? हवी तितकी नाहीत. कारण वेळ पुन्हा कोणीतरी घेऊन गेले आहे. या वेळी इस्टेटीने नव्हे, आपणच. शाळा सुटली की 'लेसों'. गणिताची लेसों, फ्रेंचची लेसों, शनिवारी सकाळी फिजिक्सची लेसों. प्राथमिक शाळेच्या परीक्षेत क्रमांक लावून रॉयल कॉलेजसारख्या 'स्टार' शाळांत जागा वाटण्याची पद्धत बरीच वर्षे होती आणि तिने अकरा वर्षांच्या मुलांना म्हातारे केले. 2000 नंतर एका सरकारने रॉयल कॉलेजला फक्त वरच्या दोन वर्षांचे कॉलेज केले, पुढच्या सरकारने ते पुन्हा फिरवले. मग नऊ वर्षांच्या सलग शिक्षणाची योजना आली, आणि 2021 पासून क्यूरपिपचे रॉयल कॉलेज अकादमी झाले : ग्रेड दहापासून प्रवेश, आणि मुले-मुली एकत्र. मुलांची म्हणून एवढी वर्षे ओळखल्या गेलेल्या शाळेत आता मुलीही शिकतात, त्याच मैदानावर धावतात. ज्या आज्यांना पळायला बंदी होती त्यांच्या नाती त्या.

प्रत्येक सुधारणेचा हेतू मुलांवरचा भार कमी करण्याचा असल्याचे सांगितले गेले. प्रत्येक सुधारणेनंतर लेसोंचे वेळापत्रक मात्र फक्त एका इयत्तेतून दुसऱ्या इयत्तेत सरकले. पालक म्हणून आम्ही हे समजू शकतो. ज्यांच्या घरात शिक्षणाने सगळे दिले त्यांना शिक्षणाची भीतीही तेवढीच वाटते. लॉरिएट झालेल्या मुलाचा फोटो वर्तमानपत्रात येतो, मंडळी त्याचा सत्कार करते, शाल देते. जिल्हा स्पर्धेत 800 मीटरमध्ये दुसऱ्या आलेल्या मुलीला आपण शाल दिल्याचे आम्हाला आठवत नाही. ही शाल फार महाग नसते.

लेसों बंद करा असे आम्ही म्हणणार नाही, कोणी ऐकणारही नाही. पण आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मोकळ्या ठेवता येतात. 2005 पासून विद्यार्थ्यांना बसचा प्रवास फुकट आहे, म्हणजे तिकिटाचे कारणही उरलेले नाही. उरले आहे ते वेळापत्रक. क्यूरपिपहून किंवा वाक्वाहून गावाकडे जाणाऱ्या बसा संध्याकाळी लवकर विरळ होतात, आणि सराव संपवून निघालेले मूल अंधारात थांब्यावर उभे राहते. आई-बापाला काळजी वाटते आणि पुढच्या आठवड्यात सराव बंद होतो. पूर्वी गाडी चुकू नये म्हणून मुले मैदान सोडून पळत, आज बस चुकू नये म्हणून पळतात.

पालकसभेत आपण सगळे गुणपत्रिका घेऊन बसतो. पुढच्या सभेला जाताना आमच्यापैकी काहींनी ठरवले आहे की रेक्टरांना आधी दोनच गोष्टी विचारायच्या : मैदानावरचा सराव किती वाजता संपतो, आणि त्यानंतर बांबू-कास्कावेलकडे जायला बस आहे का.